बिशप कॉटन नावाचा मास्तर

नागपुरात ‘कॉटन’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक कॉटन मार्केटात आणि दुसरा सदरमधल्या बिशप कॉटन शाळेच्या फाटकावर. हे शहर कापसाचे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली इथे एम्प्रेस मिल उभी केली, तीही भोवतालच्या कापसाच्या भरवशावर. त्यामुळे बाहेरगावाहून आलेल्या माणसाला वाटते की या शाळेचाही कापसाशी काही संबंध असणार. कुणा कापसाच्या व्यापाऱ्याने देणगी दिली असेल आणि त्याचे नाव शाळेला लागले असेल! ऑटोरिक्षावाल्याला ‘बिशप कॉटन’ एवढे दोन शब्द पुरतात, तो बरोबर फाटकाशी नेऊन सोडतो. पण हा बिशप कोण, असे विचारले तर मुलांना शाळेत सोडायला आलेले पालकही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

यात त्यांचा दोष नाही. आपल्या शहरांत नावे टिकतात, माणसे मात्र पुसली जातात. नाव इतके सवयीचे होते की त्यामागे हाडामांसाचा कुणी माणूस होता, हेच आपण विसरतो. आज त्या माणसाची ओळख करून घ्यायची आहे. ती सरळ नाही. तिच्यात आदर आहे, तसा एक जुना सलही आहे.

आधी ‘बिशप’ म्हणजे काय ते पाहू. ख्रिस्ती धर्मात ज्याला आपण पाद्री म्हणतो तो एका चर्चचा, एका वस्तीचा धर्मगुरू. अशी अनेक चर्चे मिळून एक धर्मप्रांत होतो आणि त्या धर्मप्रांताचा प्रमुख म्हणजे बिशप. नव्या धर्मगुरूंना दीक्षा देणे, चर्चची वास्तू किंवा कबरस्तानाची जागा विधिपूर्वक पवित्र करणे, दौरे करून आपल्या पाद्र्यांच्या कामावर नजर ठेवणे ही त्याची कामे. कॉटन होते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने पोपशी नाते तोडले आणि इंग्लंडचे चर्च राजाच्या छत्राखाली आले. तेव्हापासून ते राजसत्तेशी बांधलेले राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तेच चर्च हिंदुस्थानात आले. १८१४ साली कलकत्त्याला पहिला बिशप नेमला गेला, त्याचे नाव थॉमस मिडलटन. त्याचा धर्मप्रांत कागदावर सगळ्या हिंदुस्थानाएवढा होता.

कलकत्त्याची ती गादी मोठी होती, पण तिथे बसणाऱ्यांना हवा मानवत नव्हती. मिडलटन १८२२ साली वारले. त्यांच्यामागून आलेले रेजिनाल्ड हेबर हे कवी होते. १८२६ साली त्रिचनापल्लीला स्नानाच्या हौदात त्यांचा मृत्यू झाला. पुढचे दोन बिशप तर आणखी लवकर गेले. १८१४ ते १८३१ या सतरा वर्षांत चार बिशप संपले. पाचवे डॅनियल विल्सन तेवढे तब्बल पंचवीस वर्षे टिकले आणि १८५८च्या जानेवारीत वारले. त्यांच्या जागी कुणाला पाठवायचे, हा प्रश्न लंडनपुढे उभा राहिला तेव्हा उत्तर हिंदुस्थानात उठावाची आग अजून विझायची होती. अशा वेळी ज्याची निवड झाली तो माणूस कुणी मोठा धर्मपंडित नव्हता, दरबारीही नव्हता. तो एक शाळामास्तर होता. जॉर्ज एडवर्ड लिंच कॉटन हे त्याचे नाव.

कॉटन यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८१३चा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावचा. वडील सैन्यात कॅप्टन. मूल अवघ्या दोन आठवड्यांचे असताना फ्रान्सच्या सरहद्दीवर नेपोलियनच्या फौजेशी झालेल्या निव्हेलच्या लढाईत ते पडले. बापाने मुलाचे तोंडही पाहिले नाही. पुढे वेस्टमिन्स्टर शाळा, मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि १८३६ साली पदवी. लगेच पुढच्या वर्षी ते रग्बीच्या शाळेत साहाय्यक शिक्षक झाले.

रग्बी म्हटले की आपल्याला चेंडूचा खेळ आठवतो. पण त्या काळी रग्बीचे नाव गाजत होते ते तिथले मुख्याध्यापक डॉ. थॉमस अर्नोल्ड यांच्यामुळे. शाळेने नुसते लॅटिन-ग्रीक घोकून घेऊ नये, मुलाचे चारित्र्य घडवावे, वरच्या वर्गातल्या मुलांवर जबाबदारी टाकावी म्हणजे ती जबाबदार होतात, असा अर्नोल्ड यांचा आग्रह. कॉटन त्यांच्या हाताखाली तयार झाले. टॉमस ह्यूजेस यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी १८५७ साली आली आणि इंग्रजी शाळाजीवनावरची ती सर्वांत प्रसिद्ध कादंबरी ठरली. तिच्यात एक तरुण मास्तर आहे. तो मुलांशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, क्रिकेटच्या सामन्याला त्यांच्यात येऊन बसतो. ही व्यक्तिरेखा कॉटन यांच्यावर बेतलेली आहे असे मानले जाते. म्हणजे आपल्या सदरमधल्या शाळेला ज्याचे नाव आहे तो माणूस त्याआधीच एका कादंबरीत जाऊन बसला होता!

रग्बीत पंधरा वर्षे काढल्यावर १८५२ साली त्यांना मार्लबरो कॉलेजचे प्रमुखपद मिळाले. ‘मिळाले’ म्हणण्यापेक्षा गळ्यात पडले म्हटले तरी चालेल. ही शाळा १८४३ साली मुख्यतः पाद्र्यांच्या मुलांसाठी निघालेली. पैसा तुटपुंजा, मुले शेकड्यांनी, शिक्षक थोडे, आणि शिस्त म्हणजे छडी. १८५१च्या नोव्हेंबरात मुलांनी उघड बंड केले. फटाके फोडले, काचा फोडल्या, सामानाची नासधूस केली. मुख्याध्यापकाला जावे लागले. त्या मोडक्या घराचा कारभार कॉटन यांच्या हाती आला.

त्यांनी काय केले? छडी दुप्पट केली असती तर कुणाला नवल वाटले नसते. त्यांनी मुलांना मैदान दिले. शाळा सुटली की मुले रानोमाळ भटकत, शेतकऱ्यांच्या कोंबड्या पळवत, मारामाऱ्या करत. त्यांच्यासाठी कॉटन यांनी रीतसर खेळ सुरू केले. वरच्या वर्गातली मुले नेमून त्यांच्यावर लहानांची जबाबदारी टाकली. थोड्या पगारावर का होईना पण उत्साहाने काम करणारे तरुण शिक्षक गोळा केले. सहा वर्षांत शाळा उभी राहिली. आज आपल्या शाळांत खेळाचा तास असतो, मॉनिटर असतो. वेळापत्रकात हे कुणी घातले, असे आपण कधी विचारत नाही. त्याचे श्रेय एकट्या कॉटन यांना देता येणार नाही. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे, असे मानून त्याप्रमाणे शाळा चालवून दाखवणाऱ्या पहिल्या काही मास्तरांत ते होते, एवढे नक्की.

तर हा मास्तर १८५८च्या मे महिन्यात वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये बिशप झाला आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला. त्याच नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा देशभर वाचून दाखवला गेला होता. कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले. प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असे वचन त्यात होते. आणि तरीही कलकत्त्याच्या बिशपचा पगार हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्याच रयतेच्या सारा-करातून जात होता. कॉटन यांच्या पदातच हा पेच होता. ते धर्मगुरू होते आणि त्याच वेळी राज्यकर्त्यांच्या यंत्रणेतले एक अधिकारीही होते.

इथे तो सल येतो.

२८ जुलै १८५९ हा दिवस सरकारने उठाव मोडल्याबद्दल देवाचे आभार मानण्याचा दिवस म्हणून पाळला. चर्चचर्चमधून प्रार्थना झाल्या. त्या दिवशी बिशप कॉटन यांनी प्रवचन केले आणि त्या आभाराची खूण म्हणून एक शाळा काढावी, अशी कल्पना मांडली. त्यांच्या धर्मप्रांतातल्या चर्चमधून त्यासाठी वर्गणी गोळा झाली. त्यातून सिमल्याची शाळा निघाली. म्हणजे पुढे ‘बिशप कॉटन’ नावाने जी शाळांची माळ तयार झाली, तिचा पहिला मणी सत्तावनच्या विजयाच्या आनंदात ओवला गेला आहे.

आता हाच काळ नागपुरातून पाहा. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले होते. जून १८५७मध्ये टाकळीच्या छावणीतल्या घोडदळात उठावाचा बेत शिजला, पण तो फसला. मग धरपकड झाली, फाशी झाल्या. सीताबर्डीच्या किल्ल्यात नवगज अलीबाबांची मजार आहे. नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार यांना किल्ल्याच्या तटावरून फाशी दिले गेले आणि त्यांची ही मजार, अशी या शहराची आठवण सांगते. कादर अली हे टिपू सुलतानाचे नातू होते, असेही सांगतात. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. वर्षातून मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतो तेव्हा माणसे रांगा लावून जातात, चादर चढवतात, फूल ठेवतात. त्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

कामठीत आणि मोमिनपुऱ्यात जुन्या विणकर घराण्यांच्या तोंडी सत्तावनच्या धामधुमीच्या कथा अजून आहेत. उत्तरेकडची गावे सोडून, बैलगाड्यांत माग घालून, पूर्वज दक्षिणेकडे निघाले, असे वडीलधारी सांगत. मी अशाच वस्तीत वाढलो. घरात उर्दू बोलली जायची, शाळेत मराठी भेटली आणि मी मराठीचा झालो. त्यामुळे एका बाजूला सीताबर्डीची मजार आणि दुसऱ्या बाजूला सदरमधले ते फाटक, या दोहोंमधून जाताना मला हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या घटनेची आमच्या घरी आठवण निघते त्याच घटनेसाठी एका सज्जन माणसाने देवाचे आभार मानले होते. मग त्याच्याकडे कसे पाहायचे?

एक सोपा मार्ग आहे. तो परका, तो राज्यकर्त्यांचा, म्हणून त्याला खोडून टाकायचे. दुसराही तेवढाच सोपा आहे. त्याने शाळा काढली, म्हणून बाकी सगळे विसरायचे. मला दोन्ही पटत नाहीत. त्याने नेमके काय केले आणि ते का केले, हे आधी पाहायला हवे.

कॉटन यांनी ज्या मुलांसाठी शाळा मागितली ती मोठ्या साहेबांची मुले नव्हती. मोठा साहेब आपला मुलगा जहाजाने इंग्लंडला धाडत असे. प्रश्न होता उरलेल्यांचा. कारकून, सार्जंट, तारमास्तर, आणि रेल्वे आल्यावर इंजिन-ड्रायव्हर आणि गार्ड. यांत गोरे होते आणि ज्यांना तेव्हा युरेशियन म्हणत, पुढे अँग्लो-इंडियन म्हणू लागले, तेही होते. बाप इंग्रज, आई इथली. गोरे त्यांना जवळ घेत नसत आणि इथला समाजही त्यांना आपले म्हणत नसे. इंग्लंडला पाठवायला पैसा नाही आणि इथे त्यांच्यासाठी शाळा नाहीत. बाप वारला किंवा सोडून गेला तर मूल रस्त्यावर. आपल्या देशात दोन घरांमध्ये जन्मलेल्या मुलाला कुठल्याच घराच्या ओसरीवर जागा मिळत नाही, हे आपल्याला नवे नाही.

बिशपने देशभर फिरताना ही मुले पाहिली. ज्याने स्वतःच्या बापाला कधी पाहिले नव्हते अशा माणसाला ही मुले दिसावीत, यात मला तरी नवल वाटत नाही. त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी कुणीतरी घ्यावी, असा धोशा त्यांनी सरकारदरबारी लावला. १८६० साली व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनीही या विषयावर एक टिपण लिहिले. या वर्गाकडे दुर्लक्ष झाले तर तो सरकारला लाज आणेल, पुढे धोकाही होईल, असा त्याचा मथितार्थ होता. म्हणजे सरकारच्या बाजूने हिशेब राजकीय होता. राज्यकर्त्यांच्या रंगाची माणसे रस्त्यावर भीक मागताना दिसली तर राज्याचा दरारा कसा राहणार? कॉटन यांच्या मनात यातले काहीच नव्हते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दराऱ्याची चिंता करणारे पुष्कळ होते. शाळेचा वर्ग, वसतिगृहाचे अंथरूण आणि खेळाचे मैदान यांची चिंता करणारा हा एक मास्तर होता.

सिमल्याची शाळा १८६३ साली जतोगला सुरू झाली. पुढे ती आजच्या जागी हलली. तिथली कोनशिला व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी १८६६ साली बसवली. बंगलोरची बिशप कॉटन शाळा १८६५ सालची. ती रेव्हरंड सॅम्युएल पेटिग्रू यांनी काढली आणि तिला बिशपचे नाव दिले. आपली नागपूरची शाळाही याच दशकातली. तेव्हाचे नागपूर डोळ्यांसमोर आणा. १८६१ साली मध्यप्रांत हा नवा प्रांत झालेला आणि नागपूर त्याची राजधानी. जवळच कामठीला फौजेची मोठी छावणी. कचेऱ्या वाढत होत्या, रेल्वे येऊ घातली होती आणि १८६७ साली ती आलीही. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती सदर-सिव्हिल लाइन्सकडे वाढू लागली. त्यांच्या मुलांना शाळा हवी होती. नागपूर तेव्हा कलकत्त्याच्या बिशपच्याच अखत्यारीत येत होते.

याच गावात आणखी एक शाळा आधीपासून चालू होती. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली इथे आले होते. त्यांनी शहरातल्या मुलांसाठी शाळा काढली, मराठी शिकून घेतली, खेडोपाडी फिरून दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी आणि कथा टिपून ठेवल्या. त्यांच्या स्मरणार्थ पुढे १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघाले. दोघांच्या कामातला फरक लक्षात घ्यायला हवा. हिस्लॉप यांची शाळा इथल्या मुलांची होती आणि कॉटन यांच्या नावाची शाळा तिथल्यांची, किंवा धड इथली नाहीत आणि धड तिथली नाहीत अशांची. एकाने दार शहराकडे उघडले, दुसऱ्याने कुंपणाच्या आतल्या अनाथाकडे पाहिले.

पण या दोघांचा शेवट मात्र विलक्षण सारखा झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतत होते. नाल्याला पूर आलेला होता. रात्रीच्या अंधारात ते त्यात वाहून गेले. तीन वर्षांनी तीच वेळ कॉटन यांच्यावर आली.

१८६६ सालच्या पावसाळ्याअखेर बिशप कॉटन आसामच्या दौऱ्यावरून परतत होते. कलकत्त्याचा धर्मप्रांत तेव्हाही पंजाबपासून आसामपर्यंत पसरलेला होता आणि मुख्य बिशप म्हणून मुंबई, मद्रास, सिलोनवरही त्यांची देखरेख होती. त्यामुळे वर्षाचे कित्येक महिने बैलगाडी, पालखी आणि आगबोटीतच जात. ६ ऑक्टोबरला ते कुष्टिया इथे थांबले. हे गाव आज बांगलादेशात आहे. तिथल्या नव्या कबरस्तानाची जागा पवित्र करण्याचा विधी होता. तो पार पडला. अंधार पडल्यावर ते बोटीकडे परतले. काठापासून बोटीपर्यंत फळी टाकलेली होती. त्या फळीवरून त्यांचा पाय घसरला आणि ते गोराई नदीत पडले. नदी भरून वाहत होती, ओढ जबर होती. शोध झाला, पण शव कधीच सापडले नाही. वय फक्त बावन्न वर्षे. त्यांच्या पत्नीने पुढे १८७१ साली त्यांची पत्रे आणि रोजनिशी यांच्या आधारे त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यांच्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे तिच्यामुळे.

दुसऱ्यांच्या कबरींसाठी जमीन पवित्र करून परतणाऱ्या माणसाला स्वतःची कबर मिळाली नाही. ज्यांना फासावर चढवले त्यांची मजार सीताबर्डीवर आहे, तिथे दिवा लागतो. आणि ज्याने त्या विजयाचे आभार मानले त्याच्या नावाचा दगड उभारावा अशी दोन हात जागाही नदीने ठेवली नाही. यात मला कुठला दैवी न्याय दिसत नाही. नदी कुणाची बाजू घेत नाही. पण इतिहासाचे जमाखर्च आपल्या अंदाजाने जुळत नाहीत, एवढे मात्र दिसते.

कुष्टियाबद्दल आणखी एक गोष्ट. याच गावाजवळ छेउरियाला लालन फकिराचा आखाडा होता. माणसाची जात कोणती, धर्म कोणता, हे विचारणाऱ्यांना आपल्या गाण्यांतून निरुत्तर करणारा तो बाउल. तो १८९० साली वारला. म्हणजे बिशप नदीत पडले तेव्हा लालन त्याच मुलखात गात होता. दोघांची भेट झाली असे कुठे ऐकिवात नाही, ती होण्याचे कारणही नव्हते. बिशप बोटीने येत आणि बोटीने जात. साहेबाच्या बोटीतून काठावरचे गाणे सहसा ऐकू येत नसे. पण ‘हे मूल कुणाचे?’ हा कॉटन यांचा प्रश्न आणि ‘माणूस कुठल्या जातीचा?’ हा लालनचा प्रश्न तसे फार दूरचे नाहीत. कॉटन यांनी आपला प्रश्न कुंपणाच्या आत विचारला. लालनने कुंपणच मानले नाही.

कॉटन यांच्यानंतरची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती नागपूरला येऊन मिळते. कलकत्त्याचा तो अवाढव्य धर्मप्रांत हळूहळू तुटत गेला आणि १९०३ साली नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाला. सदरमधले ऑल सेंट्स हे त्याचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथेड्रल झाले. पहिले बिशप आयर चॅटर्टन हे आयरिश. त्यांनी १९२६पर्यंत हे पद सांभाळले आणि या काळात, १९१६ साली, ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हे पुस्तक लिहिले. गढा-मंडला, देवगड, खेरला, चांदा इथल्या गोंड राज्यांची कहाणी. नागपूर शहर वसवणारा देवगडचा बख्त बुलंद हा गोंड राजा इस्लाम स्वीकारलेला होता. त्याची कथा एका ख्रिस्ती बिशपने लिहावी आणि ती आपण मराठी माणसांनी वाचावी, ही या शहराची तऱ्हा आहे. पुढे चर्चमध्येही माणसे बदलली. १९१२ साली व्ही. एस. अझरिया हे दोर्नाकलचे बिशप झाले, तेव्हा अँग्लिकन चर्चने प्रथमच एका भारतीयाला बिशप केले. नागपूरच्या गादीवरही जॉन सादिक यांच्यासारखे भारतीय बिशप आले. ‘सादिक’ म्हणजे खरा, सच्चा. शब्द अरबी, माणूस ख्रिस्ती, गाव मराठी मुलखातले!

आणि मग २९ नोव्हेंबर १९७० आला. त्या दिवशी उत्तर भारतातली सहा वेगवेगळी ख्रिस्ती चर्चे एकत्र आली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन चर्चही त्यात विरून गेले. हा सोहळा कलकत्त्यात किंवा दिल्लीत झाला नाही, तो आपल्या नागपुरात झाला. राजाच्या छत्राखालून आलेल्या चर्चने आपले वेगळे नाव इथे, या कापसाच्या गावात उतरवून ठेवले.

शाळेचेही तसेच झाले. ज्या मुलांसाठी ती निघाली त्यांतली बहुतेक अँग्लो-इंडियन कुटुंबे स्वातंत्र्यानंतर हळूहळू पांगली. कुणी ऑस्ट्रेलियाला गेले, कुणी इंग्लंडला, कुणी कॅनडाला. बाक रिकामे राहिले नाहीत. तिथे या शहरातली मुले येऊन बसली. मराठी, हिंदी, उर्दू, सिंधी, बंगाली, तेलुगू घरांतली. आज हजेरीपटावर सगळ्या धर्मांची नावे एकाखाली एक येतात. हे कॉटन यांच्या मनात होते, असे मी म्हणणार नाही. त्यांचे वर्तुळ लहान होते. ते काळाने आणि या शहराने मोठे केले. पण मोठे करायला आधी एक वर्तुळ असावे लागते, एक वर्ग, एक मैदान, एक फळा असावा लागतो. तो त्यांच्या धडपडीतून आला.

म्हणून मी त्यांचा जमाखर्च दोन्ही पानांवर मांडतो. एका पानावर २८ जुलै १८५९चे प्रवचन आहे. ते खोडायचे नाही. त्या दिवशी ज्यांच्या घरी सुतक होते त्यांची आठवण त्या प्रवचनात कुठे होती, असे विचारत राहायचे. दुसऱ्या पानावर मार्लबरोचे मैदान आहे आणि ज्याला कुणीच आपले म्हणत नाही अशा मुलासाठी मागितलेली शाळा आहे. तेही खोडायचे नाही. एका पानाने दुसरे पान फिटत नाही.

या दुसऱ्या पानावरचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. आज नागपुरात चांगल्या शाळेच्या प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, शिफारशी शोधतात, कर्ज काढतात. पूर्वी कुंपण रंगाचे होते, आता ते फीचे आहे. महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळांचे कितीतरी वर्ग गेल्या काही वर्षांत ओस पडले, शाळा बंद झाल्या. त्या शाळांत जाणारी मुले कुठे गेली? वीटभट्टीवर, गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर, सिग्नलला फुगे घेऊन? ही आजची ‘कुणाचीच नसलेली’ मुले आहेत. त्यांना खेळाचा तास नाही, कारण त्यांना कुठलाच तास नाही.

सदरमधून जाताना ते फाटक दिसले की बिशप कॉटन हे नाव वाचा. तो कापसाचा व्यापारी नव्हता. तो एक मास्तर होता. राज्यकर्त्यांच्या बोटीतून आला, त्यांच्या विजयात सामील झाला, आणि तरी त्यांच्याच दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांकडे त्याने बोट दाखवले. ते बोट आज आपल्या दाराबाहेरच्या मुलांकडे वळवायचे की नाही, हे ठरवायला आता कुणी कलकत्त्याहून येणार नाही.